डोळे मिटले की कामंच दिसतात

“तीन वेळा सुरू केलं, तिन्ही वेळा आठवडाभरात सुटलं. ध्यान करण्याजोगं माझं मनच नाही.” पस्तिशी ओलांडलेल्या, सॉफ्टवेअर कंपनीत मोठा प्रकल्प सांभाळणाऱ्या एक बाई आमच्याकडे ध्यान शिकायला आल्या तेव्हा हे सांगत होत्या. सकाळी आठला पहिली मीटिंग, रात्री साडेदहाला दुसऱ्या देशातल्या टीमचा कॉल. धावपळीची नोकरी असलेले कितीतरी जण हेच बोलतात, म्हणून ओळख पटेल असे तपशील बदलून ही हकिगत देत आहोत.

आधी विचारलं, बसत होतात केव्हा आणि किती वेळ? पहाटे साडेपाचला, तीस मिनिटं, मांडी घालून. आणि झोपायला किती वाजतात? साडेबारा. निम्मं उत्तर इथेच मिळालं. पाच तासांच्या झोपेतून उठलेलं शरीर डोळे मिटून बसवलं, तर ते पेंगणारच. तो मनाचा दोष नव्हे, राहिलेली झोप शरीर वसूल करत असतं. त्यात सवय नसताना मांडी घातल्याने नसांवर दाब येऊन दहा मिनिटांत पायांना मुंग्या यायच्या. उरलेली वीस मिनिटं “कधी संपतंय” यात जायची.

तीस मिनिटं हा आकडा कुठून आला? एका अ‍ॅपवरून. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू केलेल्या, ताण कमी करण्यासाठीच्या ध्यानाच्या आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात तर रोज ४५ मिनिटांचा सराव सांगितला जातो. पण तिथे शिक्षक असतो, गट असतो, दर आठवड्याला अडचणी विचारता येतात. एकट्याने, भरगच्च दिवसात, पहिल्याच दिवशी एवढं ओझं घेऊ नये असं आमचं ठाम मत आहे.

उत्तराचा दुसरा भाग त्यांच्या एका प्रश्नात होता. “विचार थांबायला हवेत ना?” नकोत. लक्ष श्वासावर ठेवायचं, ते निसटतं, निसटल्याचं ध्यानात येतं, मग ते परत आणायचं. ध्यानात येण्याचा तो क्षण म्हणजेच सराव. पाच मिनिटांत लक्ष वीसदा भरकटलं आणि वीसदा परत आणलं, तर वीस वेळा सराव झाला. त्या मात्र प्रत्येक भरकटणं नापास म्हणून मोजत होत्या.

आठवडाभर त्यांना ध्यान करायलाच सांगितलं नाही. फक्त झोपण्या-उठण्याच्या वेळा, फोन पहिल्यांदा हातात कधी येतो आणि दिवसात रोज न चुकता होणारी कामं कोणती, हे लिहून आणायला सांगितलं. “वेळ मिळेल तेव्हा” ठरवलेली गोष्ट अशा नोकरीत होत नाही, ती आधीच पक्क्या असलेल्या एखाद्या कामाच्या शेपटाला बांधावी लागते. सकाळी दात घासणं आणि फोन उघडणं यांच्यामधली फट सापडली. ठरलं ते असं: दात घासून झाले की फोन न पाहता रोज एकाच खुर्चीत पाच मिनिटं. फोन दुसऱ्या खोलीत आणि वेळ लावायला साधं गजराचं घड्याळ, कारण टायमर बंद करायला फोन उचलला की सूचना दिसतातच.

बसण्याची रीत साधी होती. पाऊल पूर्ण जमिनीला टेकेल अशी खुर्ची, गुडघे कमरेपेक्षा किंचित खाली, पाठ टेकवायची नाही पण ताठरही ठेवायची नाही. हात मांड्यांवर. सुरुवातीला तीन श्वास सावकाश सोडायचे, कारण उच्छ्वास लांबला की हृदयाची गती थोडी मंदावते. त्यानंतर श्वासाला हात लावायचा नाही, येईल तसा येऊ द्यायचा. प्रत्येक उच्छ्वासाला एक आकडा, एक ते दहा, पुन्हा एक. आकडा विसरला तर एकपासून. तेरा-चौदावर पोचलात, तर तोंड मोजत होतं आणि मन दुसरीकडे होतं असं समजायचं आणि न चिडता एकवर यायचं.

पहिल्या आठवड्यात सातपैकी पाच दिवस बसणं झालं. दुसऱ्यात नवी अडचण आली. डोळे मिटताच राहिलेली कामं आठवत, ती विसरतील या भीतीने त्या मध्येच उठून लिहीत. मग बसण्याआधी दोन मिनिटं कागदावर कामं उतरवून घ्यायची आणि नंतर जे आठवेल त्याला मनात फक्त “आखणी” म्हणायचं असं ठरलं. कागद आहे म्हटल्यावर मनाची घाई बरीच ओसरली.

तिसऱ्या आठवड्यात छातीत आवळल्यासारखं वाटू लागलं. असं कुणाला वाटलं तर शारीरिक कारण नाही याची डॉक्टरांकडून खात्री करून घ्यावी, त्यांनी ती करून घेतली. काळजीखोर माणूस श्वासाकडे पाहू लागला की नकळत तो चालवू लागतो. अशा वेळी जोर लावू नये. लक्ष तळपायांच्या स्पर्शावर किंवा खोलीतल्या आवाजांवर न्यावं, डोळे अर्धवट उघडे ठेवावेत. त्या आजही तळपायांवरच लक्ष ठेवतात. श्वासच हवा असा काही नियम नाही.

चौथ्या आठवड्यात प्रकल्पाची अंतिम मुदत आली आणि सलग चार दिवस बुडाले. “पुन्हा शून्यावर आले,” त्या म्हणाल्या. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयींचा अभ्यास केला. त्यात कृती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, काहींना कितीतरी कमी, काहींना कितीतरी जास्त, आणि एखादी संधी हुकल्याने फारसं बिघडलं नाही. सलग दिवस मोजणारं अ‍ॅप आम्ही काढून टाकायला लावलं, कारण साखळी तुटली की माणूस सरावच सोडतो. वाईट दिवसासाठी किमान माप ठरवलं: खुर्चीत बसून दहा श्वास. तेही त्या दिवसाचं ध्यानच. चौदापैकी दहा दिवस झाले तरच वेळ वाढवायची, पाचवरून आठ, मग बारा मिनिटं.

चार महिन्यांनी त्या शांत झाल्या होत्या का? तसं नाही म्हणता येणार. पण चिडून ईमेल लिहिताना खांदे वर चढल्याचं त्यांना आधी जाणवू लागलं होतं आणि “पाठवा” दाबण्यापूर्वी थोडा अवकाश मिळत होता. रात्रीचा कॉल मात्र तसाच होता. अति काम निमूट सोसता यावं म्हणून ध्यान वापरणं आम्हाला मान्य नाही. त्यामुळे दोन भेटी वरिष्ठांशी काय आणि कसं बोलायचं याच्या तयारीत गेल्या. रात्रीचे कॉल आठवड्यातून दोनच उरले, झोप सहा-साडेसहा तासांवर गेली आणि पेंग थांबली.

प्रत्येकाने असंच सुरू करावं असं मात्र नाही. मोठा आघात सोसलेल्यांना, पूर्वी भास किंवा भ्रम झालेल्यांना डोळे मिटून बसल्यावर त्रास वाढू शकतो. बसताना जुनी दृश्यं अंगावर येऊ लागली किंवा आपण स्वतःपासून तुटल्यासारखं वाटलं, तर तिथेच थांबावं, डोळे उघडून आसपासच्या पाच वस्तूंची नावं घ्यावीत आणि पुढचं पाऊल मानसोपचारतज्ज्ञांशी बोलून ठरवावं.