पोटावरची रेघ आणि लांबलेली पाळी

"मॅडम, रोज दोनशे क्रंचेस मारते. भात सोडला, साखर सोडली. चार महिन्यांत चार किलो उतरले. मग पोटावर रेघ का येत नाही?"

ती ३४ वर्षांची. घर ठाण्यात नौपाड्यात, नोकरी ऐरोलीला, मुलगा पाच वर्षांचा. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) उंची १५७ सेंटिमीटर, वजन ५८ वरून ५४ किलो. पोटाच्या स्नायूंची रेघ का दिसत नाही हा प्रश्न आहार-व्यायामाच्या समुपदेशनात वरचेवर येतो, पण व्यायाम कोणता हे सांगण्याआधी तीन गोष्टी विचाराव्या लागतात: पाळी किती दिवसांनी येते, बाळंतपणानंतर पोट कुणी तपासलं का, आणि शिंकताना लघवीचे थेंब येतात का. पहिलं उत्तर आलं, "आधी २८ दिवसांनी यायची, आता ४१ झाले." दुसऱ्याला नाही. तिसऱ्याला आधी हसू, मग बारीक आवाजात "हो, दोरीच्या उड्या मारताना."

पाळी लांबली की सर्वांत आधी गरोदरपणाची चाचणी, मग स्त्रीरोगतज्ज्ञ. डाएटमुळेच लांबली असेल असं घरच्या घरी ठरवून मोकळं होऊ नये, थायरॉइडही असू शकतो. तिची चाचणी नकारात्मक आली, थायरॉइड ठीक निघाला, हिमोग्लोबिन मात्र १०.४. बाईचं किमान १२ हवं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. मग तिच्या खाण्याचा हिशेब मांडला.

सकाळी मधलिंबू, दुपारी सॅलड आणि सूप, रात्री एक पोळी आणि भाजी. दिवसाच्या साधारण ११०० कॅलरी, प्रथिनं जेमतेम ३५ ग्रॅम. त्यावर जिममध्ये २५० कॅलरींचा व्यायाम. तिच्या ५४ किलोंत चरबी अंदाजे २६ टक्के धरली, तर चरबी सोडून उरलेलं शरीर ४० किलो. ११०० मधून २५० वजा जाता ८५० उरतात. भागिले ४०, म्हणजे किलोमागे २१ कॅलरी. हृदय, हाडं, केस, पाळी, सगळं एवढ्यात भागवायचं. हा आकडा ३० च्या खाली बराच काळ राहिला की मेंदूकडून बीजांडकोषाला जाणारे संदेश मंदावतात आणि पाळी लांबते. ३० ही काही काटेकोर सीमा नव्हे, कुणाचं आधी बिघडतं, कुणाचं नंतर. पण २१ म्हणजे शरीर घरखर्च कापायला लागलं होतं. चार किलोंत चरबीबरोबर स्नायूही गेला होता, आणि ज्याची रेघ हवी तोच स्नायू झिजवून रेघ कशी दिसणार?

पोटाची रचना एकदा समजली की निम्मी धडपड वाचते. बरगड्यांपासून ओटीपोटाच्या हाडापर्यंत दोन उभे स्नायू जातात, त्यांना रेक्टस अब्डॉमिनिस म्हणतात. दोघांच्या मधली उभी पट्टी म्हणजे लिनिया अल्बा, हीच ती मधली रेघ. स्नायूवर आडवे कंडरापट्टे, म्हणजे चिवट तंतूंचे पट्टे असतात आणि त्यांच्यामुळे चौकटी दिसतात. ते सहसा तीन, कुणात दोन, कुणात चार. ही संख्या जन्मजात असते, व्यायामाने ती बदलत नाही. शेवटचा पट्टा बहुधा बेंबीच्या पातळीला असतो आणि त्याखाली स्नायू सलग उतरतो. म्हणजे बेंबीखाली चौकटी काढायचा जो पंधरा मिनिटांचा 'लोअर अ‍ॅब्ज'चा कार्यक्रम तिला दिला होता, त्यात काढायला चौकट बहुतेकींना नसतेच. वर बाईचं शरीर त्याच जागी चरबी राखून ठेवतं. पोटाचा व्यायाम केल्याने पोटाचीच चरबी जाते हाही गैरसमज. चरबी कुठून आधी उतरेल ते शरीर ठरवतं, आणि बेंबीखालचा नंबर बहुधा शेवटी लागतो.

चौकटी स्पष्ट दिसायला बायकांमध्ये चरबी साधारण १६ ते २० टक्क्यांवर यावी लागते. तब्येतीने ठणठणीत बाईची २१ ते ३० टक्के असू शकते. पुरुषाशी तुलना करून उपयोग नाही. १० ते १३ टक्के चरबी बाईला नुसतं शरीर चालायला लागते, पुरुषाचं दोन ते पाचवर भागतं. शिवाय फोटोतल्या पोटामागे बाजूने पाडलेला प्रकाश असतो, आधी मारलेले सेट असतात आणि कधीकधी दोन दिवस कमी प्यायलेलं पाणीही. घाम काढणाऱ्या पट्ट्याने उतरतं तेही पाणीच. दोन तांबे प्यायले की परत.

तिच्या पोटाची तपासणी फिजिओथेरपिस्टकडे झाली. ही घरीही बघता येते. उताणं झोपून गुडघे मोडायचे, बोटं बेंबीवर आडवी ठेवायची आणि डोकं थोडंसं उचलायचं. दोन्ही स्नायूंच्या कडांमध्ये किती बोटं बसतात आणि किती खोल बुडतात ते पाहायचं. दोनपर्यंत फारशी चिंता नाही. तिची तीन बसली आणि खोल गेली. डोकं उचलताच पोटाच्या मधोमध डोंगरासारखा उंचवटा आला. बाळंतपणात ताणलेली मधली पट्टी पाच वर्षांनंतरही सैल होती. जिला ती चरबी समजत होती त्यातला बराच भाग हा फुगवटा होता, आणि दोनशे क्रंचेसमध्ये दर वेळी तो बाहेरच ढकलला जात होता.

म्हणून पहिले आठ आठवडे वजन उतरवणं बंद. हे पटवायला सर्वांत जास्त वेळ गेला. खाणं हळूहळू १७५० कॅलरींवर आणलं आणि प्रथिनं किलोमागे १.६ ग्रॅम, म्हणजे ८६. सकाळी तीन अंड्यांचं ऑम्लेट आणि ज्वारीची भाकरी, २२ ग्रॅम. डब्यात दोन पोळ्या, ४० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ, दीडशे ग्रॅम दही, २० ग्रॅम. पाचच्या सुमारास फुटाणे आणि ताक, सात. रात्री १०० ग्रॅम पनीर किंवा बांगड्याचे दोन तुकडे, भाकरी, वरण, २७. उरलेले दहा ग्रॅम भाजीत टाकलेल्या २० ग्रॅम सोया चंक्सचे. भात परत आला, वाटी मोजून. तेल मात्र पळीने नाही, चमच्याने. १५ मिलिलिटरचा एक चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी, आणि आपल्याकडे फोडणी डोळ्यांच्या अंदाजाने पडते. सासूबाईंचं "किती वाळलीस गं" आठवडाभरात थांबलं, हा न मागितलेला फायदा.

व्यायामात क्रंचेसच्या जागी डेड बग, म्हणजे उताणं झोपून विरुद्ध हात-पाय सावकाश खाली नेणं, आणि टाच सरकवणं. जोर लावताना श्वास बाहेर सोडायचा आणि ओटीपोटाचा तळ (लघवी रोखताना आवळतो तो भाग) वर ओढायचा. उंचवटा दिसला की तिथेच थांबून हालचाल लहान करायची. प्लँक, म्हणजे कोपरांवर आणि पंजांवर शरीर सरळ धरणं, दोन मिनिटं करत होती, पण कंबर झोक्यासारखी लोंबत होती. २० सेकंदांचाच, पण नितंब आवळून, कोपर पायांकडे ओढल्यासारखे करून धरायला सांगितलं, तर घाम फुटला. दोरीच्या उड्या तूर्त बंद. आठवड्यातून तीन दिवस वजनाचे व्यायाम: स्क्वॉट, रोमानियन डेडलिफ्ट, डंबेल रो आणि शोल्डर प्रेस. संध्याकाळी स्टेशनवरून येताना तलावपाळीच्या फेऱ्या, दिवसाची सात-आठ हजार पावलं.

आठव्या आठवड्यात वजन ५४.४, पाळी ३० दिवसांवर. पोटातली फट अडीच बोटं होती, पण बोटं आता बुडत नव्हती. फट पूर्ण मिटण्यापेक्षा पट्टीला ताण येणं महत्त्वाचं. मग पोटाला खरं वजन दिलं. केबल क्रंच आणि रिव्हर्स क्रंच, तीन-तीन सेट, १० ते १२ वेळा, आठवड्यातून दोनदाच. १२ सहज जमले की वजन एक पायरी वर. जे दोनशे वेळा करता येतं त्याने दम वाढतो, स्नायू जाड व्हायला वाढतं वजन लागतं. आणि स्नायू जाड असेल तर थोड्या जास्त चरबीतूनही त्याची कड दिसते. बाईच्या शरीराला परवडणारा मार्ग हाच.

त्यानंतर कॅलरी १५००. जिममध्ये मोजलेल्या १५० वजा केल्या तरी किलोमागे ३३ उरतात. वजन रोज सकाळी, पण पाहायची ती आठवड्याची सरासरी, आणि तीही मागच्या पाळीच्या त्याच टप्प्याशी ताडून. पाळीआधी एक-दीड किलो पाणी साचू शकतं, त्याने घाबरून बायका जेवण आणखी कापतात. जिमच्या यंत्राने तिची चरबी एकाच दिवशी सकाळी २६ आणि संध्याकाळी २२ टक्के दाखवली होती, पाण्याप्रमाणे तो आकडा नाचतो. त्यापेक्षा बेंबीच्या पातळीला साधी शिवणकामाची टेप बरी. आणि थांबायची खूण आधीच लिहून ठेवली: पाळी आठवड्याहून जास्त लांबली तर कॅलरी त्याच दिवशी परत वाढवायच्या. तीन महिने आलीच नाही तर प्रश्न पोटाचा राहत नाही, इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटून हाडं विरळ होऊ लागतात.

१५०० कॅलरी सुरू झाल्यापासूनच्या बाराव्या आठवड्यात वजन ५१.८ आणि टेपवर ७९ चे ७३ सेंटिमीटर. मधली रेघ बरगडीपासून बेंबीपर्यंत, दोन्ही बाजूंच्या कडा, वरच्या दोन चौकटींची चाहूल. बेंबीखाली सपाट, पण रेघ नाही. "अजून दोन किलो?" तिने विचारलं. त्याच महिन्यात पाळी नऊ दिवस लांबली. वहीत खूण लिहिलेलीच होती, तिनेच दाखवली आणि १७५० वर परत गेली.

आता वजन ५३ आहे, पाळी २९ दिवसांवर. वरची रेघ सकाळी उठल्यावर दिसते, शनिवारी मिसळ खाल्ली की रविवारी दुपारपर्यंत दिसत नाही. शिंकताना थेंब येत नाहीत. दोरीच्या उड्या तिने मागच्या आठवड्यात परत सुरू केल्या, एका वेळी तीस.