गोचिडीच्या पोटातले जिवाणू लाइम रोगाला अडवतात का?

आपल्या आतड्यातले ‘चांगले’ जिवाणू रोगजंतूंना थारा देत नाहीत, मग गोचिडीच्या पोटातले जिवाणूही लाइमच्या, म्हणजे गोचीड चावल्याने होणाऱ्या त्या रोगाच्या, जंतूला अडवत असतील ना, असं तुम्ही विचारलंय. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते; वर्गातही सगळ्यांचा अंदाज हाच असतो. प्रयोगात मात्र उलटं निघालं.

अमेरिकेत हा रोग पसरवते ती काळ्या पायांची गोचीड. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली तिच्या अळ्यांच्या पोटातल्या जिवाणूंची घडी विस्कटून टाकली आणि त्या अळ्यांना बोरेलियाची, म्हणजे लाइमच्या जिवाणूची, लागण झालेल्या उंदरांवर सोडलं. बोरेलिया त्यांच्यात नीट रुजलाच नाही. कारण मोठं मजेशीर आहे. गोचीड रक्त पिते तेव्हा ते रक्त आणि आतड्याच्या पेशी यांच्यामध्ये कायटिन (कीटकांच्या कवचातला चिवट पदार्थ) आणि प्रथिनांचा एक पापुद्रा धरतो. नेहमीचे जिवाणू असले तर तो चांगला जाड होतो, नसले तर विरळ राहतो. बोरेलिया या पापुद्र्याआड पेशींना चिकटून बसतो. आडोसाच नसेल तर पोटातल्या रक्तापुढे त्याचा निभाव लागत नाही.

याच गोचिडीतून पसरणाऱ्या ॲनाप्लाझ्मा या दुसऱ्या रोगजंतूला मात्र हाच पापुद्रा नडतो, आणि पापुद्रा पातळ होईल अशी व्यवस्था तो जंतू स्वतःच करून घेतो! तेव्हा ‘चांगले’ म्हणजे कोणासाठी, हे आधी विचारावं लागतं.

अर्थात हे झालं गोचिडीत रुजण्याचं. माणसाला लागण होते ती बहुधा पुढच्या अवस्थेतल्या, खसखशीच्या दाण्याएवढ्या गोचिडीकडून. ती चावली की पोटातले जंतू वाढतात, आपली वरची प्रथिनं बदलतात, आतडं ओलांडून लाळग्रंथीत पोहोचतात. याला साधारण ३६ ते ४८ तास लागतात, म्हणून चिकटलेली गोचीड लगेच बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढावी.

एक शंका राहतेच. २०१८ च्या एका अभ्यासात रानातल्या बऱ्याच गोचिडींच्या पोटात जिवाणू जेमतेमच सापडले. प्रयोगशाळेतलं चित्र रानात कितपत लागू पडतं, यावर म्हणूनच वाद आहे, आणि मला तो रास्त वाटतो.

आणि हो, सिंधुदुर्गात २०१६ मध्ये गोचिडींमुळे पसरला तो माकडताप. तो विषाणूचा आजार, गोचिडीही वेगळ्या. वरचं काही त्याला लावू नका.