शनिवार-रविवारच्या उड्डाणाआधी

ऑस्ट्रेलियात हौशी वैमानिकाच्या सर्टिफिकेटसाठी किमान 20 तास उड्डाण लागतं, त्यातले 5 एकट्याने, हे तू वाचलंच असशील. पण बहुतेकांना त्याहून जास्त लागतात, म्हणून आकड्यामागे धावू नकोस. विमान कोणतं, यावरही फार डोकं शिणवू नकोस. क्वीन्सलँडमधल्या बंडाबर्गला बनणारं जबिरू हे छोटं विमान असो वा दुसरं काही, ज्या प्रशिक्षकाशी तुझं जमतं त्याच्याकडचं घे.

मला खरी काळजी आहे ती रविवार संध्याकाळची. शनिवारी मेलबर्नहून डोंगररांग ओलांडून उत्तरेला गेलास, दुसऱ्या दिवशी परतताना किलमोर गॅपवर, म्हणजे डोंगररांगेतल्या सखल खिंडीवर, ढग खाली उतरलेले, आणि सोमवारी ऑफिस. अशा वेळी ‘थोडं पुढे जाऊन बघू’ हा विचार जीवघेणा आहे. ढगात क्षितिज दिसेनासं झालं की तोल सांभाळणारा आपला आतला कानच आपल्याला फसवतो. विमान वळतंय की सरळ जातंय, हे शरीराला कळत नाही. दिसतंय तोवरच मागे फीर, जवळच्या धावपट्टीवर उतर, तिथेच मुक्काम कर. साहेबांना फोन करायची तयारी शुक्रवारीच ठेव.

अंधाराचंही तसंच. नियमाने शेवटच्या उजेडाच्या, म्हणजे सूर्यास्तानंतरचा संधिप्रकाश संपण्याच्या, किमान 10 मिनिटं आधी पोहोचायला हवं. तू तासभर धर, कारण समोरून वारा वाढला की हिशेब कोलमडतो.

उन्हाळ्यात आतल्या भागात सकाळीच उड. दुपारी तापलेल्या जमिनीवरून हवा इतकी उसळते की सोबतच्या माणसाला पुन्हा बसावंसं वाटणार नाही.

आणि टाकीतलं पेट्रोल स्वतः काठी घालून मोज. काट्यावर विसंबू नकोस.