पाय सरळ, खांदे भलतीकडे

प्रश्न : सर, बँकेतून निवृत्त झाल्यावर मी खारघरच्या कोर्सवर गोल्फ खेळू लागलो. उजव्या हाताने खेळतो. सात नंबरचं आयर्न (मध्यम अंतराचा क्लब) बरं लागतं, पण ड्रायव्हर (सर्वांत लांब मारायचा क्लब) हातात घेतला की चेंडू डावीकडे निघतो आणि वळत वळत उजवीकडच्या झाडीत जातो. म्हणून मी उभाच डावीकडे रोख धरून राहतो, तर तो आणखीच वळतो! एक मित्र म्हणतो, ‘ओपन स्टान्स (लक्ष्याच्या डावीकडे रोखून उभं राहणं) सोडू नकोस, अमेरिकेचा मोठा गोल्फर ली ट्रेव्हिनो असाच उभा राहायचा.’ दुसरा म्हणतो, ‘उजवा पाय मागे घे.’ त्यात माझा डावा गुडघा कुरकुरतो. नेमकं उभं कसं राहावं?
– एक वाचक, पनवेल

उत्तर : तुमचे दोन्ही मित्र तुमच्या पायांकडे बघताहेत. मला आधी तुमचे खांदे बघायचे आहेत.

चेंडू निघतो साधारण तिकडे, जिकडे फटक्याच्या क्षणी क्लबफेसचं, म्हणजे क्लबच्या चेंडूला लागणाऱ्या पृष्ठभागाचं, तोंड असतं. वळतो मात्र फेसचं तोंड एकीकडे आणि क्लबची वाट दुसरीकडे असली की. तुम्ही डावीकडे रोख धरता, त्यामुळे क्लबची वाट आणखी डावीकडे जाते. पण मन होलच्या झेंड्यावर, त्यामुळे हात फेस क्लबच्या वाटेपेक्षा झेंड्याकडे उघडा ठेवतात. दोघांतलं अंतर वाढलं, की स्लाइस (उजवीकडचं वळण) वाढला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. आयर्नला हे जाणवत नाही, कारण त्याचा लॉफ्ट (फेसचा मागे कललेला कोन) तीस अंशांच्या घरात. ड्रायव्हरचा दहा अंशांच्या आसपास. लॉफ्ट कमी, तितकी तीच चूक जास्त वळते.

ट्रेव्हिनो डावीकडे रोख धरायचा हे खरं, पण त्या रेषेत क्लब फिरवायचा नाही, लक्ष्याकडे फिरवायचा. मित्राने अर्धंच सांगितलं. दक्षिण आफ्रिकेचा बॉबी लॉक नेमका उलटा. क्लोज्ड, म्हणजे लक्ष्याच्या उजवीकडे रोखून, उभा राहून चेंडू उजवीकडे काढायचा आणि डावीकडे वळवून आणायचा. १९४९ ते १९५७ मध्ये ब्रिटिश ओपन चारदा जिंकला. या लोकांचा स्टान्स त्यांच्या स्विंगला साजेसा होता. आपण स्टान्स उचलतो, स्विंग कुठून आणणार?

तुम्ही स्क्वेअरच उभे राहा. चेंडूपासून लक्ष्यापर्यंत एक रेषा, आणि तुमचे पाय, गुडघे, कंबर, खांदे तिला समांतर, तिच्या डावीकडे. रेल्वेचे दोन रूळ असतात तसे. चेंडूच्या मागे जा, लक्ष्याच्या रेषेत दोन-तीन फुटांवरचं एखादं वाळकं पान किंवा जुना डिव्हट (फटक्याने उखडलेल्या गवताचा खड्डा) हेरा. आधी क्लबफेस त्या खुणेवर लावा, मग पाय. बहुतेक जण पाय आधी रोवतात आणि फेस नंतर जुळवत बसतात.

आता खांदे. ड्रायव्हरला चेंडू डाव्या टाचेसमोर असतो आणि उजवा हात ग्रिपवर खाली असतो. तिथवर पोहोचायला उजवा खांदा नकळत पुढे येतो. पाय सरळ, खांदे डावीकडे! हे रोख तपासायला पायाशी ठेवलेल्या काठीला कधी दिसत नाही. पवित्रा घ्या, न हलता दुसरा क्लब छातीवर आडवा धरा आणि कुणाला तरी मागून बघायला सांगा, तो कुठे रोखलाय. माझा अंदाज, तुमचा बराच डावीकडे निघेल. इलाज : उजवा खांदा थोडा खाली, थोडा मागे. तेवढ्यानेही वळण कमी झालं नाही, तर उजवा पाय दोन इंच मागे घेऊन पाहा. पण खांद्यांनाही सोबत न्या. नुसता पाय मागे नेऊन खांदे उघडेच राहिले, तर काही उपयोग नाही.

सरावाच्या रेंजवरच्या मॅटच्या कडेवर विसंबू नका. तिथे तुम्ही कडेला समांतर उभे राहता आणि सगळं छान वाटतं. कोर्सवर कड नसते, आणि टीची जागा (जिथून पहिला फटका मारायचा) कित्येकदा फेअरवेकडे (कापलेल्या गवताच्या पट्ट्याकडे) नाही तर थेट झाडीकडे तोंड करून असते.

ओपन स्टान्स चिपिंगला (होलजवळच्या छोट्या फटक्याला) आणि बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) जरूर वापरा. तिथे लांबी नको असते, शरीर बाजूला झालेलं चालतं.

गुडघ्यासाठी डावं पाऊल थोडं बाहेर वळवा. अमेरिकेचा दिग्गज गोल्फर बेन होगनही तसंच ठेवायचा. फटक्यानंतर शरीर वळताना गुडघ्यावरचा पीळ त्याने हलका होतो. दुखणं वाढलं तर मात्र डॉक्टरांना दाखवा, माझ्या सदराला नाही.

एक नियमाचं. सरावात काठ्या, क्लब हवे तेवढे अंथरा. फटके मोजायच्या स्पर्धेच्या फेरीत मात्र पाय लावायला क्लब जमिनीवर ठेवून स्टान्स घेतलात, तर दोन फटक्यांचा दंड, आणि लक्षात आल्यावर बाजूला होऊन क्लब उचलला तरी तो टळत नाही. २०१९पासून कॅडीनेही (क्लब वाहणाऱ्या मदतनीसाने) तुम्ही स्टान्स घ्यायला लागल्यावर चेंडूच्या मागे लक्ष्याच्या रेषेत मुद्दाम उभं राहायचं नाही.