नेट चालू, तरी रजिस्टर होईना

प्रश्न: दुकानातल्या जुन्या पीसीवर बिलिंगचं सॉफ्टवेअर टाकलंय, पण रजिस्टर करायला गेलो की ‘सर्व्हरशी कनेक्ट होत नाही’ येतं. त्याच वायफायवर मोबाइल मस्त चालतो. काय करू?

उत्तर: दादा, आधी खाली उजव्या कोपऱ्यातलं घड्याळ बघा. तारीख 2009 वगैरे दाखवत असेल तर दोष नेटचा नाहीच, सर्व्हरचं सर्टिफिकेट, म्हणजे त्याची ओळख पटवणारा डिजिटल दाखला, त्या तारखेला वैध ठरत नाही म्हणून कनेक्शन तुटतं. तारीख नीट करा, आणि पीसी बंद करून चालू केल्यावर परत मागे गेली तर मदरबोर्डवरचा (आतल्या मुख्य बोर्डावरचा) घड्याळ चालू ठेवणारा सेल बदला, बहुतेक सीआर 2032 असतो, प्लग काढूनच हं. तारीख बरोबर असेल तर फायरवॉलमध्ये (नेटवरची ये-जा तपासून अडवणाऱ्या सुरक्षेत) त्या सॉफ्टवेअरला परवानगी द्या, पण अँटीव्हायरस कायमचा बंद ठेवू नका, दुकानाचा सगळा हिशोब आहे त्या पीसीत! विंडोज 7 असेल तर टीएलएस 1.2 (सर्व्हरशी सुरक्षित कनेक्शन जोडायची पद्धत) चालू आहे का तेही बघा.