ओळखीचं शहर नव्याने बांधताना

वाचक विचारतात

ऑनलाइन खेळांमधल्या जुन्या, लाडक्या जागा नव्याने बांधण्याबद्दल या वेळी बरीच पत्रं आली. त्यांतली पाच घेतली आहेत. विचारणाऱ्यांपैकी बरेचजण स्वतः सर्व्हर (सगळे जोडले जाऊन खेळतात तो संगणक) चालवतात, म्हणून उत्तरांत भर प्रत्यक्ष कामावर आहे.

*आमच्या माइनक्राफ्ट सर्व्हरवर (ठोकळ्यांनी जग बांधायचा खेळ, जावा आवृत्ती) बंदराचं एक जुनं शहर आहे. मंडळी कितीतरी वर्षं तिथेच वावरतात. आता ते पाडून नवं बांधायचं ठरलंय. सुरुवात कुठून करावी आणि काय सांभाळावं?* (कोल्हापूर)

पाडकामाआधी मोजमाप करा. शहर आवडतं म्हणजे भिंतींचे दगड आवडतात, असं क्वचितच असतं. लोकांना तिथल्या वाटा पाठ झालेल्या असतात. स्पॉनवरून (खेळाडू जगात प्रकटतो ती जागा) डावीकडे वळलं की बाजार, जिना उतरला की धक्का, धक्क्यावरून मान वर केली की दीपस्तंभ. ही पायांची सवय टिकली तर छपरं, रंग, कमानी सगळं बदललं तरी मंडळी लवकर रुळतात. ती मोडली तर कितीही सुंदर काम करा, तक्रारी येतच राहतात.

सर्व्हर बंद करून वर्ल्डच्या, म्हणजे खेळातल्या जगाच्या, फोल्डरची पूर्ण प्रत काढा. चालू सर्व्हरवर प्रत काढली तर काही फाइल अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत येऊ शकतात, आणि ते कळतं नेमकं गरज पडते तेव्हा. ही प्रत मल्टिव्हर्ससारख्या प्लगइनने (सर्व्हरला जोडायची पूरक प्रणाली) वेगळं वर्ल्ड म्हणून उघडा आणि सगळं बांधकाम तिथेच करा.

मग रोजच्या सहा-सात वाटा निवडा आणि घड्याळ लावून चाला. खेळाडू चालताना सेकंदाला सुमारे 4.3 ब्लॉक (ठोकळे) जातो, धावताना 5.6. म्हणजे 60 ब्लॉकच्या वाटेला चालत 14 सेकंद लागतात, धावत 11. नव्या आराखड्यात प्रत्येक वाटेचा वेळ जुन्याच्या एक पंचमांशाच्या आसपास कमीजास्त झाला तर चालेल. त्यापलीकडे गेलात तर ‘बाजार लांब गेला’ हे पहिल्याच दिवशी ऐकू येईल.

वळणावळणावर उभं राहून एफ-3 दाबा, जागेचे आकडे आणि तोंडाची दिशा टिपून घ्या आणि तिथून चित्र काढा. नव्या बांधकामातही नेमकं त्याच ठिकाणावरून चित्र काढून दोन्ही शेजारी लावा. अंगठ्याच्या नखाएवढी करून पाहिली तरी दोन्ही चित्रांत एकच शहर ओळखू यायला हवं. उंच खुणेची जागा ठरवताना सर्व्हरचं दृष्टीअंतर लक्षात ठेवा. ते बदललं नसेल तर 10 चंक (16 बाय 16 ब्लॉकचे तुकडे), म्हणजे 160 ब्लॉक असतं. दीपस्तंभ चौकापासून 200 ब्लॉकवर नेला तर तो धूसर दिसणार नाही, दिसणारच नाही.

यानंतर अख्खं शहर एकाच राखाडी काँक्रीटमध्ये उभं करा. खिडक्या नाहीत, कंदील नाहीत, झाडं नाहीत. जुन्या खेळाडूंना त्यात मोकळं सोडा आणि कोण कुठे अडतं, कोण चुकून भिंतीवर आपटतं ते पाहा. या टप्प्यावर गल्ली चार ब्लॉक सरकवायला मिनिटं लागतात. सजावट झाल्यावर तेच काम आठवडा खातं. घाई होते ती इथेच, आणि पुढचं सगळं रखडतं तेही त्यामुळेच.

तयार शहर मूळ वर्ल्डमध्ये आणताना वर्ल्डएडिट या बांधकाम एकदम हलवणाऱ्या प्लगइनच्या तीन गोष्टी जपा. कॉपी आणि पेस्ट दोन्ही करताना ‘ई’ फ्लॅग (आज्ञेपुढे लिहायचं अक्षर) दिला नाही तर चित्रं, आयटम फ्रेम (वस्तू लावायच्या चौकटी) आणि आर्मर स्टँड (चिलखत अडकवायचे पुतळे) मागेच राहतात, कारण खेळ त्यांना ब्लॉक मानत नाही. पेस्ट करताना ‘ओ’ फ्लॅग दिला की सगळं मूळ आकड्यांवरच बसतं. ‘ए’ फ्लॅग मात्र या कामात देऊ नका. तो हवेचे ब्लॉक वगळतो, त्यामुळे नव्या खोलीच्या मधोमध जुनी भिंत तशीच उभी राहते.

मोडणाऱ्या गोष्टींमध्ये पहिला नंबर पलंगांचा. ज्याचा पलंग गेला तो खेळाडू मेल्यावर थेट वर्ल्डच्या स्पॉनवर येतो, म्हणून आठवडाभर आधी सूचना लावा. गावकऱ्यांचा पलंग तोडला की त्यांचं घराशी आणि कामाचं टेबल तोडलं की धंद्याच्या जागेशी असलेलं नातं तुटतं. त्यांना आधी बाजूच्या कुंपणात हलवा. पोर्टलचंही (एका जगातून दुसऱ्यात नेणारं दार) भान ठेवा. नेदर या पाताळासारख्या जगातून परतताना खेळ ठरलेल्या बिंदूच्या 128 ब्लॉकच्या परिसरात सर्वांत जवळचं पोर्टल शोधतो. चौकात शोभेसाठी दुसरं पेटतं पोर्टल उभारलंत की लोक भलतीकडेच बाहेर पडतात. शिवाय नव्या छपरांमुळे अंधारे कोपरे तयार होतात. 1.18 आवृत्तीपासून जमिनीवरच्या जगात राक्षस फक्त दिव्यांचा उजेड शून्य असलेल्या जागीच उपजतात, त्यामुळे माळ्यावर एखादा कंदील पुरतो. पण तो लावायला हवा.

आणखी एक काम पाडकामाआधीच करून घ्या. जुन्या शहराचा नकाशा पूर्ण भरा आणि कार्टोग्राफी टेबलवर काचेचं तावदान, म्हणजे ग्लास पेन, लावून तो कुलूपबंद करा. साधा नकाशा हातात धरून कुणी नव्या शहरातून फिरला की त्यावरचं जुनं चित्र पुसलं जातं. कुलूपबंद नकाशा कायम तसाच राहतो. नव्या नगरभवनात फ्रेममध्ये लावायला यापेक्षा चांगली वस्तू नाही.

*वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टने 2010 मध्ये जुने प्रदेश बदलून टाकले. उडायची सोय द्यायची होती तर तेवढीच द्यायची. इतकं मोडायची गरज काय होती?* (पुणे)

तेवढीच देता आली नसती. 2004 चं ॲझेरॉथ, म्हणजे खेळातलं मूळ जग, जमिनीवरून पाहण्यासाठी बांधलेलं होतं. उडणारी वाहनं जानेवारी 2007 मध्ये आली ती फक्त आउटलँड या नव्या भूमीपुरती, कारण ती भूमी पहिल्यापासून वरून दिसणार हे धरून बांधली होती. जुन्या खंडांवर डोंगरांच्या मागे रिकामे, अर्धवट पट्टे होते आणि स्टॉर्मविंड शहराच्या इमारतींना मागची बाजूच धड नव्हती. ठरलेल्या हवाई मार्गावरून जाताना जेवढं दिसेल तेवढंच केलेलं होतं. खेळाडूच्या हातात लगाम दिला की ही सगळी भोकं उघडी पडली असती. सिल्व्हरमून शहर हे याचं उलटं उदाहरण. 2007 मध्ये ते मुख्य खंडापासून वेगळ्या नकाशावर बांधलं गेलं, म्हणून 2010 च्या बदलानंतरही तिथे उडता आलं नाही.

म्हणून 23 नोव्हेंबर 2010 च्या अपडेटने दोन्ही जुने खंड नव्याने मांडले आणि डिसेंबरमध्ये कॅटॅक्लिझम हा विस्तार आला. डेथविंग या ड्रॅगनच्या उत्पाताने भूमी फाटली, ही त्यामागची कथा. बॅरन्स या प्रदेशाचे दोन तुकडे झाले, थाउझंड नीडल्सच्या दरीत पाणी भरलं, ऑबरडाइन बंदर उद्ध्वस्त झालं.

यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. ऑर्ग्रिमार हे शहर लोखंडी काट्यांनी नव्याने मढवलं, सरदाराचा वाडा व्हॅली ऑफ विझडम या भागातून व्हॅली ऑफ स्ट्रेंग्थमध्ये आणला, झेपेलिन हवाई जहाजांचे मनोरे वेशीबाहेरून शहरात घेतले. पण बँक आणि लिलावघर व्हॅली ऑफ स्ट्रेंग्थमध्येच राहिले. दिवसातून दहादा जिथे जावं लागतं त्या जागा हलल्या नाहीत, त्यामुळे चेहरामोहरा एवढा बदलूनही शहर वापरता येत राहिलं. स्टॉर्मविंडमध्ये मात्र पार्क हा अख्खा विभाग कोसळला आणि 2016 मध्ये लीजन विस्तारासोबत तिथे स्मारक उभं राहीपर्यंत तो खड्डाच होता. उद्ध्वस्त जागा दिसली की लोक दुरुस्तीची वाट पाहतात. सहा वर्षं वाट पाहायला लावणं हा खेळाडूंवर अन्याय होता, असं आमचं स्पष्ट मत आहे. गाव मोडायचं तर पुन्हा कधी उभं करणार हे मोडण्याआधीच ठरलेलं हवं.

*नवी राजधानी जुनीपेक्षा कितीतरी देखणी झाली आहे. तरी सगळे म्हणतात, ओकीबोकी वाटते. चुकलं कुठे?* (नागपूर)

तुम्ही पाठवलेल्या मापांवरून चूक आकारात आहे. मधला चौक 90 बाय 90 ब्लॉकचा, आणि एकावेळी हजर असतात पंधरा-वीस जण. चौक धावत पार करायला 16 सेकंद लागतात आणि पलीकडच्या माणसाचं नावही नीट वाचता येत नाही. गर्दी ही चौकाच्या मापावर ठरते, हजेरीवर कमी. वीसजणांसाठी 24 बाय 24 चा चौक भरपूर झाला. जुन्या चौकात लोक कुठे उभे राहायचे ते आठवा: बँकेच्या पायरीवर, कट्ट्याला टेकून, पुलाच्या कठड्यावर. मोकळ्या मैदानाच्या मधोमध कुणी थांबत नाही. पाठ टेकायला काहीतरी आणि समोर येणाजाणाऱ्यांची वाट, एवढं असलं की घोळका आपोआप जमतो.

आकार फुगण्यामागे बहुतेक वेळा एकच कारण असतं. बांधणारे क्रिएटिव्ह मोडमध्ये उडत बांधतात. वरून 90 चा चौक ऐटबाज दिसतो. खेळाडूचे डोळे मात्र जमिनीपासून 1.62 ब्लॉकवर असतात. राखाडी टप्प्यात दर तासाला एकदा सर्व्हायव्हल मोड लावून पायी फिरायचा नियम करा. गल्ली 4 ते 5 ब्लॉक रुंद, तिच्या कडेच्या घरांची उंची 6 ते 8 ब्लॉक, बोळाच्या कमानीखाली निदान 3 ब्लॉक मोकळे. दोनच ठेवलेत तर उड्या मारत धावणाऱ्याचं डोकं आपटतं.

बँक, साठवणीच्या पेट्या आणि दुकानं चार दिशांना पांगवली असतील तर तीही एकमेकांच्या 30 ब्लॉकच्या आत आणा. सोयी विखुरल्या की माणसंही विखुरतात.

*नवं शहर चालू केल्यापासून साध्या लॅपटॉपवर खेळ अडखळतो. ब्लॉक तर जुन्यापेक्षा फार वाढलेले नाहीत.* (चिपळूण)

ब्लॉक मोजू नका, सजावट मोजा. साधे ब्लॉक चंकनिहाय एकत्र करून काढले जातात, त्यामुळे ते स्वस्त पडतात. आयटम फ्रेम, आर्मर स्टँड, चित्रं आणि गावकरी मात्र एन्टिटी असतात आणि प्रत्येकाचा हिशेब वेगळा होतो. निशाणं, पाट्या, पेट्याही साध्या ब्लॉकपेक्षा महाग. दुकानाच्या भिंतीवर शंभर फ्रेम लावल्या की त्या भिंतीकडे तोंड करताच पडद्यावर सेकंदाला उमटणाऱ्या चित्रांची संख्या खाली येते. एफ-3 उघडून ‘ई’ अक्षरापुढचा आकडा पाहत शहरातून सावकाश फिरा; आकडा जिथे उसळतो तिथेच दुखणं आहे. फ्रेमऐवजी ट्रॅपडोअर, आर्मर स्टँडऐवजी भिंती आणि पायऱ्यांचे ब्लॉक वापरून बरंच भागतं. मोकळे फिरणारे गावकरी वाट शोधण्यात सर्व्हरचा वेळ खातात, तेव्हा दुकानदार एका ब्लॉकच्या गाळ्यात बसवा. सर्व्हरचं चक्र सेकंदाला 20 वेळा फिरायला हवं. तिथे घसरण असेल तर दोष सर्व्हरवरच्या भारात, नाहीतर तो खेळाडूच्या यंत्रावर पडणाऱ्या चित्रणात.

मोठ्या स्टुडिओंनाही हे चुकलेलं नाही. फायनल फँटसी 14 च्या 2010 च्या पहिल्या आवृत्तीत एका फुलांच्या कुंडीला खेळाडूच्या पात्राएवढे बहुभुज (आकृती घडवणारे लहान तुकडे) खर्ची पडत होते, हे पुढे निर्माते नाओकी योशिदा यांनी जाहीरपणे सांगितलं. ती आवृत्ती नोव्हेंबर 2012 मध्ये बंद झाली आणि ऑगस्ट 2013 मध्ये नव्याने बांधलेला खेळ आला. अनरिअल किंवा युनिटी या खेळ बांधायच्या इंजिनांत काम करणाऱ्यांनीही प्रत्येक वस्तूला खर्चाची मर्यादा आधीच ठरवून द्यावी: पायाशी दिसणारी कुंडी स्वस्त, दुरून ओळखू येणारा मनोरा महाग. एकच कुंडी दोनशे ठिकाणी लागणार असेल तर इन्स्टन्सिंग (एकच मॉडेल अनेक जागी दाखवायची पद्धत) वापरा आणि दूरच्या अंतरासाठी हलकं मॉडेल जोडा.

*जुनी जागा कायमची पुसावी की ठेवावी?* (पणजी)

ठेवावी, पण दाराआड. वॉरक्राफ्टमध्ये झिडॉर्मी नावाची ब्राँझ ड्रॅगन काही प्रदेशांत उभी असते. तिच्याशी बोललं की त्या प्रदेशाचं जुनं रूप दिसतं. युद्धाआधीचा डार्कशोर प्रदेश अजूनही तसा पाहता येतो. रुनस्केपने आणखी पुढे जाऊन फेब्रुवारी 2013 मध्ये ऑगस्ट 2007 च्या बॅकअपमधून अख्खा जुना खेळच वेगळा सुरू केला. ती प्रत कुणीतरी सांभाळून ठेवली होती, म्हणूनच ते जमलं. त्या खेळात नवा मजकूर आणण्याआधी खेळाडूंचं मतदान घेतात. मंजुरीची अट पूर्वी 75 टक्के होती, नंतर ती 70 वर आणली.

तुमच्या सर्व्हरवर जुनं शहर वेगळ्या वर्ल्डमध्ये ठेवा, तिथे खेळाचा प्रकार ॲडव्हेंचर करा म्हणजे तोडफोड होणार नाही, आणि वर्ल्डबॉर्डर शहराच्या वेशीपुरती आखा म्हणजे नवे चंक तयार होऊन फाइल फुगणार नाही. जुन्या पेट्या रिकाम्या करायला विसरू नका. तशाच राहिल्या तर त्याच हिऱ्यांच्या दोन प्रती दोन जगांत होतील, आणि कुणीतरी त्या नव्या शहरात आणून बाजार बुडवेल. खेळाडूजवळच्या सामानाची यादी दोन्ही वर्ल्डसाठी वेगळी ठेवणारं प्लगइन लावलं तर तोही धोका टळतो.