काहिलीतला थर्मामीटर

प्रश्न : बाई, नमस्कार. करवीर तालुक्यात आमचं गुऱ्हाळ आहे. आमचा गुळव्या आता थकलाय. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकायचा, बोटांनी गोळी वळायची आणि ‘उतरा’ म्हणायचं, एवढ्यावर आमची काहील, म्हणजे रस आटवायची मोठी कढई, चुलीवरून उतरते. त्याच्यामागं हे कोण सांगणार, म्हणून मी शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा काचेचा थर्मामीटर आणला. तो 98 वर चढून बसला, तो हलेचना. चुलीत जळण घालणाऱ्या जळव्याला जाळ वाढवायला लावला, तरी तेच. शेवटी मात्र भराभरा पळाला आणि 110 ला पट्टीच संपली. थर्मामीटर बिघडलाय काय?

उत्तर : आधी एक काम करा. तो थर्मामीटर काहिलीपासून लांब ठेवा. त्याची पट्टी 110 पर्यंतच असते आणि गूळ त्याच्या पुढं तयार होतो. त्यापुढं तापला तर काच तडकते. आत चांदीसारखा दिसणारा पारा असेल तर तो विषारी आहे, अख्खी काहील फेकून द्यावी लागेल. स्टीलच्या सळईचा, 200 अंशांपर्यंत मोजणारा घ्या.

पण तो बिघडलेला नव्हता. त्यानं दाखवलेला प्रत्येक आकडा खरा होता.

98 चं आधी सांगते, कारण त्यात माझी एक चूक अडकली आहे. मी नोकरीला नवीन असताना आठवीतल्या एका मुलीनं उकळत्या पाण्याचं तापमान वहीत 98 लिहिलं होतं. मी ते लाल शाईनं खोडून 100 केलं. पुस्तकात 100 होतं ना! तिनं डोळ्यांनी पाहून लिहिलेलं बरोबर होतं. पाणी 100 अंशांना उकळतं ते समुद्रसपाटीला. कोल्हापूर साडेपाचशे मीटरांच्या आसपास उंचीवर आहे. इथं हवेचा दाब कमी, म्हणून पाणी 98 च्या जरा वर उकळतं. ज्याच्या नावानं आपण अंश मोजतो त्या सेल्सियसला 1742 मध्येच हे माहीत होतं, उकळबिंदू हवेच्या दाबावर ठरतो म्हणून. त्या मुलीला मी नंतर कधी भेटले नाही. ती खोडलेली ओळ अजून डोळ्यांपुढं आहे.

आता तो तिथं बसून का राहिला? उष्णता आणि तापमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक किलो पाणी 25 अंशांवरून 98 ला न्यायला 73 किलोकॅलरी लागतात. त्याच पाण्याची पुरती वाफ करायला साधारण 540. सात पटींहून जास्त, आणि त्या सगळ्या वेळात तापमान जागचं हलत नाही. उष्णता जाते पाण्याच्या रेणूंना एकमेकांपासून तोडण्यात. ग्लासगोत शिकवणाऱ्या जोसेफ ब्लॅकला 1760 च्या दशकात हे उमगलं. अशा उष्णतेला आपण अप्रकट उष्मा म्हणतो. जाळ वाढवल्यावर वाफ जास्त निघाली असणार, रस लवकर आटला असणार. तापमान वाढण्याचं कारणच नव्हतं.

मग शेवटी तो पळाला कशानं? इथं मला गुऱ्हाळाचं फार कौतुक वाटतं. पाण्यात साखर विरघळली की उकळबिंदू चढतो, पण सारखा चढत नाही. निम्मी साखर, निम्मं पाणी असेल तर जेमतेम दोन अंश. साखर सत्तर टक्के झाली की सहा-सात अंश. ऐंशी टक्क्यांना बारा. आता हिशेब करा. हजार किलो रसात दोनशे किलो साखर धरा. साखर आणि पाणी निम्मं निम्मं व्हायला सहाशे किलो पाणी उडावं लागतं, आणि तेवढ्यात थर्मामीटर दोनच अंश हलतो. पुढं सत्तर टक्क्यांवरून ऐंशीवर जायला पस्तीस किलो पाणी उडालं की पुरे, आणि तो पाच-सहा अंश चढतो. म्हणूनच या टप्प्यावर जळव्याला चिपाडं घालणं आवरायला सांगतात. पाक घट्ट झालेला, तळाचा वर येत नाही, करपायला वेळ लागत नाही.

म्हणजे काहिलीतला थर्मामीटर खरं तर पाकात पाणी किती उरलं ते मोजतो. तुमचा गुळव्याही तेच मोजतो, बोटांनी. माझ्या मामांच्या गुऱ्हाळावर लहानपणी काकवीची वाटी धरून मी तासन्‌तास ते वळणं पाहिलंय, पण ते मापन आहे हे कळायला मला पदवी घ्यावी लागली.

पुस्तकांत गुळासाठी 118 अंशांच्या आसपासचा आकडा सापडेल. आपल्या उंचीवर त्यातले दोन वजा करा. पण त्या आकड्यावरही काहील उतरवू नका. गुळव्या ‘उतरा’ म्हणेल त्या क्षणाचं तापमान रोज वहीत लिहा, शेजारी उसाची जात आणि ऊस तोडून किती दिवस झाले तेही लिहा. शिळ्या उसातली साखर फुटलेली असते, त्याचा गूळ तेवढ्याच अंशांना मऊ पडतो. ते बोटाला कळतं, सळईला कळत नाही. तो माणूस आहे तोवर या हंगामातच वही भरा.

प्रश्न : गुळाच्या ढेपेचं ‘वजन’ म्हणणं चूक आहे का? मुलगा म्हणतो ‘वस्तुमान’ म्हणा. (गृहिणी, कागल)

उत्तर : बाजारात वजनच म्हणा, कुणी अडवणार नाही. परीक्षेत मात्र मुलाचं बरोबर. तागडीत आपण ढेप मापाशी ताडून पाहतो. चंद्रावर नेली तरी दोन्ही पारडी तशीच राहतील, ते वस्तुमान. ताणकाट्याला टांगली तर पृथ्वी तिला किती ओढते ते कळतं. चंद्रावर तो काटा एक षष्ठांशावर येईल, ते वजन.

प्रश्न : दुपारी अंबाबाईच्या देवळाच्या आवारात अनवाणी चालताना फरशी भाजते, पण तिच्यावर अंथरलेली काथ्याची चटई भाजत नाही. ऊन दोन्हींवर सारखंच ना? (विद्यार्थिनी, इयत्ता नववी)

उत्तर : ऊन सारखंच, आणि तापमानात तुला वाटतो तेवढा फरक नसतो. तुझा तळवा थर्मामीटर नाही. आपल्यात उष्णता किती वेगानं शिरतेय, हे तो सांगतो. दगडातून ती झरझर येते. तळव्याखालचा थर गार झाला की खालचा लगेच नवी पुरवतो. काथ्यात हवा कोंडलेली, तिथून ती कशीबशी सरकते.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, घरीच बघ. रात्रभर ओट्यावर ठेवलेलं स्टीलचं ताट आणि लाकडी पोळपाट घे. सकाळी दोन्हींना हात लाव, ताट गार लागेल. मग दोन्हींवर सारख्याच आकाराचा बर्फाचा खडा ठेव आणि कोणता आधी वितळतो ते पाहायच्या आत तुझा अंदाज कागदावर लिहून ठेव. कागद, निकाल आणि लागलेली मिनिटं मला पाठव. अंदाज चुकला असेल तर खोडू नकोस, तसाच पाठव.